आईच्या केअर सेंटरचा खर्च आणि तिचा फ्लॅट: बक्षीसपत्र करून घ्यावं का?

कऱ्हाडची लेक

आई ७८ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षिका होती. गेल्या दिवाळीत चकल्या तळता तळता उजवा हात लुळा पडला. अर्धांगवायू. बोलणं अजून स्पष्ट येत नाही, पण कळतं सगळं. माझ्या मुलाने पाढा चुकवला तर डावा हात गादीवर आपटते.

पहिले चार महिने कऱ्हाडलाच ठेवलं. नर्सिंग ब्यूरोकडून आईला सांभाळायला येणाऱ्या बायका टिकेनात. रात्रपाळीची न सांगता गेली की मी पुण्याहून मिळेल त्या एसटीने पळायचे. पाठीला बेडसोर झाले तेव्हा मात्र मी हात टेकले. आता ती पुण्यात, माझ्या घरापासून २० मिनिटांवर एका केअर सेंटरमध्ये आहे. तिथल्या मावश्यांनी दर दोन तासांनी कूस बदलून जखम भरून आणली. त्यामुळे तिला तिथून हलवायचं नाही, एवढं माझं पक्कं आहे.

महिन्याचे ३६,००० सेंटरचे. डायपर, औषधं, फिजिओ धरून आणखी ८,०००. आईची पेन्शन ३१,५००. तिच्या ८ लाखांच्या एफडी आहेत आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६ लाख. शिवाय कऱ्हाडचा दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट, १९९८ साली तिने स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतलेला, तिच्या एकटीच्या नावावर. सध्या बंद आहे.

दादा म्हणतो, आत्ताच बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मोबदला न घेता मालकी देण्याचा दस्त, करून फ्लॅट आपल्या दोघांच्या नावावर घेऊ, मुलांना राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. नाहीतर सगळं सेंटरच्या बिलात जाईल. दादाच्या मनात पाप नाही. त्याच्या मुलीचं इंजिनिअरिंग सुरू आहे, तो घाबरलाय. पण आईच्या डाव्या अंगठ्याला शाई लावायची या कल्पनेनेच मला झोप येत नाही. रिव्हर्स मॉर्गेजबद्दलही ऐकलंय, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून पैसे घ्यायचे. काय करावं?

राजारामपुरी

ताई, बक्षीसपत्र करू नका. आमचं ऐका.

वडिलांनी २०१७ मध्ये घर माझ्या धाकट्या भावाच्या नावावर करून दिलं. दोन वर्षांत त्याने औषधांचे पैसे द्यायचं बंद केलं. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ खाली प्रांतांकडे अर्ज केला. सांभाळ केला नाही तर दस्त रद्द होऊ शकतो, असं ते कलम आहे. पण दस्तात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्दच नव्हते, आणि समोरच्या वकिलाने तेवढंच धरून ठेवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ती अट सिद्ध व्हावी लागते असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५ च्या निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. आमचे वडील तेवढे थांबले नाहीत. शेवटच्या पावसाळ्यात ते माझ्या घरच्या सोफ्यावर झोपत होते, स्वतःचं तीन खोल्यांचं घर असताना.

त्याच कायद्याखाली मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० आहे. तुमचं एका आठवड्याचं बिलही त्यात भागणार नाही.

तुमचा दादा चांगला असेल, असू दे. पण फ्लॅट त्याच्या नावावर गेला की उद्या त्याच्या कर्जातही अडकू शकतो.

निवृत्त बँकवाला

आधी आकडे मांडू. खर्च ४४,०००, पेन्शन ३१,५००. तूट १२,५००. फ्लॅट भाड्याने दिला आणि सोसायटी, घरपट्टी वजा जाता ७,००० हाती आले, तर तूट उरली ५,५००, म्हणजे वर्षाला ६६,०००. पोस्टातल्या ६ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४९,२०० व्याज येतं. एफडीचं व्याज त्यावर. म्हणजे मुद्दलाला हात न लावता आज भागतंय. सेंटर दर वर्षी दर वाढवेल, आजारपण येईल, हे खरं. पण त्यासाठी १४ लाख शाबूत आहेत. फ्लॅट ‘वाचवायची’ घाई कशाला?

रिव्हर्स मॉर्गेज तुमच्या कामाचं नाही. त्यात कर्जदाराने त्याच घरात राहायचं असतं. कायमचं घर सोडलं की कर्ज परतफेडीला येतं.

आरोग्य विमा, ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड, यांचा उपयोग रुग्णालयात दाखल करावं लागलं तर. रोजच्या देखभालीचं बिल त्यात बसत नाही.

खरी घाई वेगळीच आहे. पक्षाघाताचा दुसरा झटका आला किंवा समज गेली, तर आईची सहीच बंद होईल. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही-व्यवहार करायचा दुसऱ्याला दिलेला अधिकार, करून ठेवलं की झालं, असं लोक समजतात. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की आपल्याकडे ते मुखत्यारपत्रही संपतं. मग पालक नेमून घ्यायला थेट उच्च न्यायालयात धावावं लागतं. म्हणून एफडी आणि पेन्शनच्या खात्यात तुमचं नाव ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने लावता येतं का ते बँकेत लगेच विचारा. आणि मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार, आई भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला. नोंदणी सक्तीची नाही, पण कराच. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारे अधिकारी, घरी येऊ शकतात, तसा अर्ज करावा लागतो. मृत्युपत्र आई हयात आणि भानावर असेपर्यंत बदलू शकते. फ्लॅट तिचाच राहतो, गरज पडली तर तिच्याचसाठी विकता येतो.

धायरीची सून

सेंटरचं डिपॉझिट परत कधी आणि किती मिळणार हे लेखी घ्या. पेशंट रुग्णालयात असतानाही खाटेचे पूर्ण पैसे लावतात का तेही विचारा. आम्हाला १८ दिवसांचे दोन्हीकडे भरावे लागले होते.

कऱ्हाडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बँकवाले काकांचा हिशोब कागदावर उतरवून दादाला दाखवला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, मला वाटलं होतं तीन वर्षांत सगळं संपेल.

काल दोघं आईजवळ बसलो. फ्लॅटचं काय करायचं, हे तिला पहिल्यांदाच विचारलं. इतके महिने तिच्या डोक्यावरून आम्हीच बोलत होतो. तिने पाटी मागितली, सेंटरमध्ये फिजिओसाठी ठेवलीय ती. डाव्या हाताने पंधरा मिनिटं लागली. ‘भाड्याने द्या. शिक्षकाला.’ आणि खाली, ‘नंतर दोघांना सारखं.’

तिच्या जुन्या शाळेत एक नवीन बाई बदली होऊन आल्यात, त्या खोली शोधताहेत. दादा रविवारी कऱ्हाडला जाऊन नळ आणि गिझर दुरुस्त करून येतोय. मृत्युपत्रासाठी डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. काका, निबंधकांना सेंटरवर बोलवायचं तर अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला मूळ लागतो की प्रत चालते?