गिअरच्या सायकलची चेन घरी काढली, आता जोडता येत नाहीये

गंगापूररोड:
नमस्कार मंडळी, आधीच सांगतो की शहाणपणा माझाच आहे, त्यामुळे बोलणी खायची तयारी ठेवूनच धागा काढतोय. सायकल २१ गिअरची, पुढे ३ मागे ७ दातेरी चकत्या, चार वर्षं जुनी. पावसाळ्यात सोमेश्वर, धरणाकडचा रस्ता असं चिखलातून भरपूर फिरलो आणि मग महिनाभर ती तशीच बाल्कनीत उभी. चेनवर असा काळा थर की नखाने खरवडला तर वडी निघेल. म्हटलं पूर्ण काढून धुवू. शाळेत असताना काळ्या ॲटलसची चेन कितीतरी वेळा काढली होती, तिला लॉक (क्लिपवाली जोडकडी) असायचं, पक्कडीने क्लिप सरकवली की काम झालं. हिला लॉकच सापडेना, दोनदा सगळी चेन फिरवली, सगळ्या कड्या सारख्याच. मग खिळा आणि हातोडी घेतली, तिसऱ्या घावाला पिन टणकन उडाली ती थेट मोरीच्या जाळीत. चेन मात्र मस्त धुतली, शेजाऱ्याकडून अर्धा लिटर पेट्रोल घेतलं होतं, अगदी चांदीसारखी झाली. आता जोडायची कशी?

भाच्याच्या साध्या सायकलचं जुनं लॉक घरात पडलंय ते बसेल का? की एक कडी कमी करून दुसरी पिन आत ठोकू? कडी कमी केली तर चेन तोकडी होईल का? दुकानात न्यायची तर उघड्या चेनची सायकल दीड किलोमीटर ढकलत न्यावी लागेल आणि तो वर हसणार ते वेगळंच.

मिरजेचा:
हसू द्या की ओ, आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं मिरजेत, तासावर भाड्याने सायकली द्यायचो, तिथं आठवड्याला एक तरी असा माणूस यायचा, चेन पिशवीत घालून.

भाच्याचं लॉक लावू नका. साध्या सायकलची चेन आतून एक अष्टमांश इंच रुंद असते, गिअरवाली त्यापेक्षा बारीक, तीन बत्तीसांश. लॉक त्या रुंद चेनच्या मापाचं, लांब पिनचं, त्यावर परत क्लिप बाहेर आलेली. मागं सात चकत्या एकाला एक चिकटून बसलेल्या असतात, तिथं ती क्लिप शेजारच्या दाताला घासणार, गिअर बदलताना डिरेल्युरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा तो मागचा सांगाडा) अडकणार आणि एक दिवस उडून जाणार. साध्या सायकलला मात्र ते लॉक एक नंबर. फक्त क्लिप उलटी बसवायची नाही. बंद तोंड चेन जिकडं धावते तिकडं, उघडं तोंड मागं. वडील सांगायचे, मासा समजा, डोकं पुढं शेपूट मागं, उलटा मासा पोहत नाही. उलटी लावली की कशाला तरी घासून निघते, मग माणूस म्हणतो लॉक हलक्या मालाचं होतं.

आणि पेट्रोल बाल्कनीत? गॅस गिझर कुठं आहे तुमचा? पेट्रोलची वाफ पेट घेते. डिझेल वापरा पुढच्या वेळी. रॉकेल आता सहज मिळत नाही.

सिंहगडपहाटे:
मिरजेचा यांना +१. आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे.

तुमच्यासारख्या मागे ७ वाल्या जाड चेनची पिन पूर्ण बाहेर काढायची नसते, ही एकच गोष्ट आधी कळली असती तर धागा निघालाच नसता :) चेन टूल नावाचं छोटं हत्यार मिळतं, त्याने पिन हळूहळू ढकलायची आणि पलीकडच्या पट्टीत टोक जेमतेम अडकलेलं असताना थांबायचं, मग चेन जराशी वाकवली की सुटते आणि जोडताना पिन आधीच भोकात उभी असते. एकदा का ती पूर्ण निघाली की परत सरळ बसवणं म्हणजे डोळ्यात पाणी.

पण तुमच्या बाबतीत पिन हरवली हे एका अर्थी बरंच झालं. क्विक लिंक घ्या. दोन पट्ट्या, प्रत्येकीला एक पिन आणि एक लांबट भोक, एकमेकांत घालून ताणल्या की कट् करून बसतात. मागे किती चकत्या आहेत त्यावरून माप ठरतं, ६, ७ आणि ८ ला एकच लिंक चालते, ९, १०, ११ ला प्रत्येकी वेगळी. तुम्ही दुकानात '२१ गिअरची द्या' म्हणू नका, 'मागे ७' म्हणा. मी केएमसी कंपनीची वापरतो, सायकलच्या सीटखालच्या पिशवीत एक जास्तीची कायम असते.

आता नीट बघा. चेनमध्ये एक जोडी बाहेरच्या पट्ट्यांची, एक आतल्या पट्ट्यांची, अशी आलटून पालटून असते. तुमची पिन गेली म्हणजे एका टोकाला बाहेरच्या दोन पट्ट्या लोंबत असतील आणि दुसऱ्या टोकाला आतली, रोलरवाली (पट्ट्यांच्या मधे फिरणारी छोटी नळी असलेली) कडी. क्विक लिंक म्हणजे बाहेरचीच जोडी, त्यामुळे तिला दोन्ही टोकं रोलरवाली लागतात. लोंबणाऱ्या पट्ट्यांची दुसरी पिन पण काढून टाका (ही खुशाल पूर्ण काढा, ती जोडी फेकायचीच आहे) आणि त्या जागी लिंक. जेवढं काढलं तेवढंच घातलं, चेन तोकडी होत नाही.

गंगापूररोड:
वा, हे चित्र डोळ्यासमोर आलं. म्हणजे मी विचार करत होतो तशी कडी कमी करून टोकाला टोक लावलं असतं तर आतलीला आतली आली असती आणि जोडलीच गेली नसती! चेन टूल नाहीये, दुसरी पिन पण खिळ्यानेच उडवू का?

मिरजेचा:
उडवा पण पद्धतीनं. खिळ्याचं टोक कानशीनं घासून सपाट करा, टोकदार खिळा पिनच्या डोक्यावरून घसरतो आणि पट्टी वाकवतो. खाली एक मोठा नट ठेवा, पिन बरोबर नटच्या भोकावर आली पाहिजे म्हणजे तिला खाली पडायला जागा. फरशीवर ठोकू नका, फरशी फुटेल आणि घरच्यांची बोलणी खाल ते वेगळं, लाकडी फळी घ्या. एक मोठा घाव नको, टक टक टक.

घरचीसर्व्हिसिंग:
मला एक कळत नाही की दर वेळी चेन काढायचीच कशाला? मी गेली सहा वर्षं ऑफिसला सायकलने जाते, चेन फक्त बदलायची असेल तेव्हाच काढते. जुना टूथब्रश, डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, खालच्या बाजूची चेन फडक्यात धरायची आणि पॅडल उलटं फिरवत राहायचं, दोन फडकी काळी झाली की बास. डिझेल रिमवर किंवा डिस्कवर उडू द्यायचं नाही, नाहीतर ब्रेक लागणार नाही. मग पूर्ण वाळल्यावर एकेका रोलरवर तेलाचा एकेक थेंब, पाचेक मिनिटं थांबायचं आणि वरचं तेल पुसून टाकायचं. लोक हे पुसायचं विसरतात, तेल आत हवं असतं, बाहेर राहिलं की धूळ धरते आणि परत तुमची वडी तयार. तुमची तर पेट्रोलने पार कोरडी झाली असणार, जोडल्यावर तेल न घालता एक चक्करही मारू नका.

आणि हो, गंजासाठी संडास साफ करायचं ॲसिड वापरा असं कोणीतरी सांगेलच, ऐकू नका, त्याने पोलाद ठिसूळ होतं.

चेन आता मोकळी आहेच तर मोजून घ्या. इंचाची पट्टी, एका पिनच्या मध्यावर शून्य, नव्या चेनला १२ इंचावर बरोबर पिनचा मध्य येतो कारण पिन ते पिन अर्धा इंच. एक सोळांश इंच पुढे गेली असेल, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, तर चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश गेली असेल तर बहुतेक मागच्या चकत्याही खाल्ल्या गेल्यात, नुसती नवी चेन घातली तर दातांवरून उड्या मारेल.

गंगापूररोड:
मोजली. सोळांशच्या किंचित पुढे. म्हणजे धुऊन, ठोकून, मोरीत पिन घालवून शेवटी नवीन चेन घ्यायचीच की काय?

सिंहगडपहाटे:
घ्या, पण घाई नाही. आधी हीच जोडायची प्रॅक्टिस करा. नवी चेन लांब येते, ती जुनीशेजारी ठेवून कडीला कडी जुळवून कापायची, क्विक लिंकची जागा धरून. त्यासाठी मात्र चेन टूल घ्याच.

आणि जुनीच पिन परत ठोकायचा मोह कुणालाही होत असेल तर माझा किस्सा ऐका. मागे ९ चकत्यांच्या चेनला तसं केलं होतं. ९ आणि त्यावरच्या बारीक चेनमध्ये कंपनी पिनचं टोक चेपून पसरवते, त्या पसरलेल्या कडेवरच पट्टी टिकून असते. पिन बाहेर ढकलली की ती कड सोलून निघते, परत घातली तर दिसायला बसते पण धरत नाही. खडकवासल्याच्या पुढे चढावर उभा राहून पॅडल मारत होतो, चेन तुटली, गुडघा हँडलवर. सहा आठवडे सायकल बंद. शिमानो कंपनीच्या चेनला जोडायची पिनच वेगळी मिळते, लांब, पुढचं टोक बसवल्यावर पक्कडीने मोडून टाकायचं. मी आपला लिंकवाला.

गंगापूररोड:
रविवार अपडेट. लिंक मिळाली, दुसरी पिन कानशीच्या खिळ्याने काढली (फळीवर, नटवर, टक टक टक). दोन टोकं जवळ धरून ठेवायला तिसरा हात लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी कपड्याच्या हँगरची तार इंग्रजी एस सारखी वाकवून दोन्ही टोकं तिला अडकवली आणि पुढच्या चकतीवरून चेन आतल्या बाजूला खाली पाडली, मग ढिली झाली. लिंक घातली, लिंक वरच्या बाजूला आणून मागचा ब्रेक दाबून पॅडलवर पाय दिला, कट्!! काय आवाज आहे.

पण आता पॅडल फिरवलं की खर्रर्र खर्रर्र येतंय आणि चेन जड फिरतेय. गिअर कुठलाही असो.

घरचीसर्व्हिसिंग:
डिरेल्युरच्या दोन छोट्या चाकांच्या मधे बघा, पिंजऱ्याला एक छोटी पत्र्याची जीभ असते. चेन त्या जिभेच्या चाकांकडच्या बाजूने जायला हवी, तुमची बाहेरून गेलीय आणि पत्र्यावर घासतेय. पैज लावते.

गंगापूररोड:
हरलो. अगदी तेच. जिभेवर चकचकीत ओरखडा पण पडलाय. म्हणजे परत उघडायची? लिंक उघडायला तर स्पेशल पक्कड लागते ना?

मिरजेचा:
बुटाची नाडी आहे ना घरात? लिंकच्या दोन पिना असतात, त्यांच्या बाहेरच्या बाजूनं, चेनच्या पोटातून नाडी घाला, दोन टोकांची अर्धी गाठ मारा आणि दोन्हीकडं खेचा. पिना एकमेकींकडं सरकल्या की निसटते. चेन ढिली असतानाच करा, ताणलेली असेल तर दिवसभर ओढत बसाल. मळकी असेल तर आधी पुसा, मातीनंच अडकते.

गंगापूररोड:
तिसऱ्या झटक्यात निघाली. नाडी काळी झाली, मुलाच्या शाळेच्या बुटाची होती, आता ते प्रकरण उद्या सकाळी. चेन जिभेच्या आतून घेतली, जोडली, तेल घातलं, पुसलं. गंगापूर रोडने १२ किलोमीटर मारून आलो, काही आवाज नाही, फक्त सगळ्यात छोट्या चकतीवर एकदा उडी मारली.

सिंहगडपहाटे:
छोटी चकती सगळ्यात आधी झिजते. तीच उडी परत परत यायला लागली की चेन आणि मागचा फ्रीव्हील (चकत्यांचा अख्खा संच) दोन्ही एकदम घ्या.

बाकी त्या उडवलेल्या पिनच्या शेजारच्या कड्या हाताने वाकवून बघा, एखादी हातोडीने कडक झाली असेल तर चेन दोन्ही हातात आडवी धरून हलकेच डावी-उजवीकडे मोडा, सैल होते.

गंगापूररोड:
एक होती. झाली सैल.