जुन्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन: वळणावर बंद का पडतं?

प्रश्न: टाकी पाव भरलेली असली की लांब वळणावर इंजिन झटके देऊन बंद पडतं. सरळ रस्त्यावर उत्तम. पंप नवीन आहे.

उत्तर १: दोष टाकीचा. आत आडपडदे नसतील तर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो. पूर्वी कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधला (त्यातल्या पेट्रोलच्या छोट्या वाटीतला) साठा तेवढा वेळ निभावून न्यायचा, इंजेक्शनमध्ये तसा साठा नसतो. १-२ लिटरची सर्ज टँक (मधली छोटी, कायम भरलेली टाकी) लावा: कमी दाबाचा पंप ती भरेल, इंजेक्शनचा पंप तिच्या तळातून ओढेल. रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब कायम राखणाऱ्या झडपेची) परतीची नळी सर्ज टँकमध्येच सोडा, माथ्यावरचा ओव्हरफ्लो मूळ टाकीत.

उत्तर २: नळ्याही बदला. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) साधारण ३ बार दाब असतो, कार्ब्युरेटरला ०.३ पुरायचा. जुनी रबरी नळी आधी घामेजते, मग फुटते.

प्रश्नकर्ता: पंपाला करंट थेट इग्निशन स्विचवरून दिलाय. चालेल?

उत्तर १: अजिबात नको! रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि फ्यूज टाका, रिले ईसीयूकडून (इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून) चालवा, म्हणजे इंजिन थांबलं की तो पंप बंद करेल. नाहीतर अपघातात नळी तुटली तरी पंप पेट्रोल ओतत राहील.