मांजराच्या पिल्लाच्या तोंडाचा वास: आधी ओठ वर करून बघा

ताई, पिल्लू पाच महिन्यांचं आणि तोंडाला वास येतोय म्हणता, तर बहुधा दात पडताहेत. मांजराचे 26 दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत 30 पक्के येतात. तेवढ्या काळात हिरड्या लाल होतात, थोडा वास येतोच. इंदूरला आमच्या घरी आमच्या मांजरीचा, ठमीचा, तांदळाच्या कणीएवढा दात चादरीवर सापडला, तर आईला वाटलं पोह्यातला खडा!

पण ठमीचा वास नंतरही जाईना. ओठ वर केला तर नवा सुळा आलेला, जुना तिथेच, आणि दोघांच्या फटीत अन्न कुजलेलं. डॉक्टरांनी भूल देऊन जुना काढला, आठवड्याभरात वास गेला.

कुणी हिरड्यांना हळद-मीठ चोळायला सांगतं, ते नको. सुजलेल्या हिरडीला मीठ झोंबतं, मग पिल्लू पुन्हा तोंडाला हातच लावू देत नाही. आपली टूथपेस्ट तर मुळीच नाही. मांजर थुंकत नाही, गिळतं. मांजरांची वेगळी पेस्ट मिळते, पण ब्रश हिरड्या शांत झाल्यावरच.

लाळ गळतेय, जिभेवर फोड आहेत, खाणं सोडलंय, तर कॅलिसीव्हायरस, म्हणजे मांजरांना होणारा एक विषाणूचा संसर्ग, असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर ओढू नका, दुसरं टोक आतड्यात असू शकतं.

आणि वास मासळीचा असेल तर आधी त्याची बशी हुंगा.