गॅस गीझर की विजेचा? चौघांच्या घराला काय परवडेल?

रानवाट: नाशिकला नव्या फ्लॅटमध्ये जातोय. चौघं जण, सकाळी एकामागून एक आंघोळी. वीज महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास. माझं मत गॅस गीझर. महावितरणचा दर 100 युनिटनंतर जवळजवळ दुप्पट होतो आणि गीझरचे युनिट नेमके त्या महाग टप्प्यात जातात.

हिशेबनीस: सहमत. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिटइतकी उष्णता असते. पाचवा हिस्सा धुरावाटे गेला तरी 145 युनिट पाण्यात उतरतात. सिलिंडर 900 रुपये धरा, म्हणजे युनिटला सव्वासहा. वीज वहन आकारासह (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) अकराच्या घरात. बादलीभर पाणी 22 अंशांवरून 40 वर न्यायला 0.42 युनिट लागतात. चौघांचे महिन्याला दोन-अडीचशे वाचतात.

सांजवेळ: अडीचशे रुपयांसाठी घरात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस जळताना निघणारा विषारी वायू, आणू नका! सिलिंडर गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या वासाने कळतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. थंडीत खिडकी लावून घेतली की आत माणसाला भोवळ येते, कडी काढायचंही बळ राहत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, तरी लोक बाथरूममध्येच गॅस गीझर बसवतात. याचा मला मनापासून राग येतो. त्यापेक्षा पंधरा लिटरचा पंचतारांकित स्टोरेज गीझर घ्या, थर्मोस्टॅट 50 वर ठेवा, आंघोळी लागोपाठ उरका आणि बटण बंद करा.

रानवाट: पण मी गॅस गीझर ड्राय बाल्कनीत लावणार. आत फक्त गरम पाण्याचा नळ येईल.

सांजवेळ: बाल्कनी उघडी असेल तर माझा विरोध मावळतो. पण काचा लावून ती बंद केलीत, की ती बाथरूमइतकीच धोक्याची. घरात तसा आग्रह होणारच, पावसाचं पाणी आत येतं म्हणून.

गच्चीवाला: मजला कितवा? टाकी डोक्यावरच असेल तर पाण्याला दाब कमी मिळतो आणि गॅस गीझर पेटतच नाही. आमच्या वरच्या मजल्यावर हेच झालं. शेवटी प्रेशर पंप बसवावा लागला. तो खर्च हिशेबात कुठेच नाही.

हिशेबनीस: मुद्दा बरोबर. पंप धरला तर पहिली काही वर्षं बचत त्यातच जाईल.

रानवाट: सातपैकी सातवा मजला. आधी प्लंबरकडून दाब तपासून घेतो, कमी निघाला तर विजेचाच घेईन.