टॅटिंगच्या क्लाससाठी पॅटर्नची झेरॉक्स: किती चालते?

शटल_कोथरूड:
शनिवारच्या टॅटिंगच्या (शटलने गाठी मारून लेस विणण्याच्या) क्लासला आठजणी आहेत, फी घेते. 2012 सालच्या एका पुस्तकातला कडेच्या लेसचा पॅटर्न शिकवायचा आहे. प्रत्येकीला झेरॉक्स दिली तर चालेल का? गैरहजर असतील त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर फोटो? शिवाय प्रदर्शनात प्रात्यक्षिक आहे, तिथे पॅटर्नचं पत्रक वाटावं का?

पिको:
ताई, तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(आय) प्रमाणे शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवताना-शिकताना काढलेली प्रत उल्लंघन धरत नाहीत. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने झेरॉक्सच्या खटल्यात या कलमाचा अर्थ बराच व्यापक लावला. मात्र तो खटला विद्यापीठाचा होता. फी घेणाऱ्या घरगुती क्लासला त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. म्हणून त्या दिवशी लागतं तेवढंच पान काढा, त्यावर लेखिकेचं आणि पुस्तकाचं नाव लिहा. व्हॉट्सॲपवर अजिबात नको, फोटो ग्रुपबाहेर जायला वेळ लागत नाही. प्रदर्शनात लोकांसमोर विणून दाखवा, गाठ मारण्याच्या तंत्रावर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो आलेख, मजकूर आणि फोटोंवर, त्यामुळे ते पत्रक नको.

दुहेरी_गाठ:
पत्रकासाठी वर्षानुवर्षं सगळीकडे चालत आलेली साधी कड घ्या आणि आलेख स्वतः काढा. रिंग (ओढून बंद केलेला गाठींचा गोल) 5-5-5-5, बंद करा, काम उलटवा, साखळी (दोन रिंगांमधली गाठींची कमान) 5-5, पुन्हा उलटवा. पुढच्या रिंगला 5 गाठी, मागच्या रिंगच्या शेवटच्या पिकोला (गाठींमधल्या दोऱ्याच्या छोट्या फासाला) जोड, मग 5-5-5. आकडा म्हणजे तितक्या दुहेरी गाठी (दोन अर्ध्या गाठींची एक), मधली रेघ म्हणजे पिको. साखळीला शटलवरच्या (हातातल्या छोट्या फिरकीवरच्या) दोऱ्यासोबत दोऱ्याच्या गुंड्याचाही दोरा लागतो. नवख्यांना वीस नंबरचा दोरा द्या, चाळीसमध्ये गाठी मोजता येत नाहीत. रिंग ओढली जात नसेल तर गाठ शटलच्याच दोऱ्याची बसलेली असते. शटलचा दोरा ताणून बोटांवरचा सैल सोडला की गाठ बोटांवरच्या दोऱ्याची होते. पत्रकात हे चित्रासह द्याच, बहुतेकजणी इथेच अडतात.

शटल_कोथरूड:
पुस्तकातल्याच पॅटर्नचे दोन पिको बदलून नवा आलेख काढला तर?

पिको:
नको. रचना तीच राहते. त्यापेक्षा लेखिकेला ईमेल करा: कुठलं पान, किती प्रती, फक्त कागदावर, फी घेता की नाही, कुठल्या तारखेला. एवढं स्पष्ट विचारलं की होकाराची शक्यता वाढते. आलेला होकार जपून ठेवा.

जुनी पुस्तकंही बघा. आपल्याकडे कॉपीराइटची 60 वर्षं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात. 1960 मध्ये वारलेल्या लेखिकेचं काम 1 जानेवारी 2021 पासून खुलं झालं. तेरेझ द दिलमों तर 1890 मध्ये गेल्या, त्यांच्या भरतकाम-विणकामाच्या कोशात टॅटिंगवर प्रकरण आहे. फक्त हल्लीच्या आवृत्तीत नव्याने घातलेली चित्रं आणि फोटो उचलू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो.