गिटारचा हंबकर पिकअप बदलला आणि आवाजच गेला नाकात! मदत हवी आहे

मंडळी, रविवारी दुपारी हौसेने गिटार उघडली. आज बुधवार, पिकगार्ड (पुढची प्लेट, पिकअप त्यावरच बसतात) अजून पलंगावर पालथं पडलंय आणि मी दिवाणखान्यात झोपतोय.

गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची. तारांचा आवाज पकडणारे पिकअप तीन: ब्रिजला हंबकर, म्हणजे गुणगुण कापणारा दोन कॉइलचा, बाकी नेक आणि मिडलचे दोन सिंगल कॉइल. ब्रिजचा मूळचा हंबकर काढून मित्राकडचा डिमार्झिओ कंपनीचा जुना हंबकर बसवला. त्याला चार रंगीत वायरी आणि एक उघडी. कागद हरवलेला, म्हणून नेटवर दिसलेल्या पहिल्याच आकृतीप्रमाणे काळी स्विचला दिली, लाल-पांढरी एकत्र पिळून टेप मारली, हिरवी आणि उघडी पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर ग्राउंडला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने तिथे सोल्डरचा डागच धरेना, गोळी होऊन घरंगळायचा. पाठ पॉलिश पेपरने घासली तेव्हा कुठे बसला.

आता ब्रिजवर आवाज एकदम पातळ. सहावी तार छेडली तरी बास नावाला नाही. वर गुणगुण सिंगल कॉइलपेक्षा जास्त! नेक आणि मिडल मात्र ठणठणीत. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, म्हणजे ब्रिजचं ग्राउंड ठीक असावं. मीटरवर साडेतेरा किलोओहम येतात, मित्रानेही तेवढेच सांगितले होते. पिकअप गेलाय का? की २५० के (किलोओहम) काढून ५०० के पॉट टाकू?

प्रतिसाद:
पॉटला हात लावू नका. २५० के ने आवाज जरा मऊ होईल, असा नाकात जाणार नाही. तुम्ही पाहिलेली आकृती सेमूर डंकन या दुसऱ्या कंपनीची आहे. रंग तेच, अर्थ वेगळे. डिमार्झिओत लाल हॉट, म्हणजे स्विचला जाणारी, काळी-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला. तुमच्या जोडणीत एक कॉइल उलटी लागली, त्यामुळे तारांचा आवाज एकमेकांना खातोय आणि गुणगुण, जी कटायला हवी, तिची बेरीज होतेय. दोन्ही कॉइल सिरीजमध्येच, म्हणजे एकामागे एक, असल्याने मीटरला यातलं काही कळत नाही.
खात्री हवी तर सगळ्या वायरी सोडवून काळी-लाल मोजा. निम्मा आकडा आला की मी म्हणतोय तेच. आणि नंतर ब्रिज-मिडल एकत्र पातळ वाटले तर लाल-हिरवीची अदलाबदल करा. उघडी वायर कायम ग्राउंडलाच.

धागाकर्ता:
काळी-लाल ६.८, पांढरी-हिरवी ६.७, काळी-पांढरी काहीच नाही! जोडणी बदलली, ब्रिज असा काही गरजला की खालच्या काकू वर आल्या. ब्रिज-मिडल खरंच पातळ होते, तीही अदलाबदल केली. फक्त डाग दिल्यावर लक्षात आलं की हीटश्रिंकची (तापवली की आकसून सांधा झाकणारी) नळी आधी वायरीत ओवायची राहिली. परत सोडवतोय.