धनाग्र म्हणावं की ॲनोडच ठेवावं?

प्रश्न : इंदूरच्या आमच्या मंडळात ओल्या कचऱ्यातून मिथेन या विषयावर बोलायचंय. (घरात आम्ही सर्रास ‘गीला कचरा’ म्हणतो, तिथे मात्र ‘ओला’च म्हणेन.) देवगुराडियाचा 2022 सालचा, रोज 550 टन कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजी प्लांट सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यापुढचं सांगायचंय : टाकीत दोन इलेक्ट्रोड (वीज आत-बाहेर नेणारी टोकं, एक ॲनोड, एक कॅथोड) सोडायचे आणि बाहेरून जरासा विजेचा दाब द्यायचा, साधारण अर्धा ते एक व्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलपेक्षाही कमी. ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हटलं तर चालेल ना? आणि मिथेन करणाऱ्यांना जीवाणू म्हणू ना?

उत्तर : ताई, धनाग्र इथे घोटाळा करेल. ॲनोडवरचे जीवाणू कचऱ्यातलं ॲसिटेट (कचरा कुजताना होणारं, व्हिनेगरच्या आम्लाच्या जातीचं द्रव्य) खाऊन इलेक्ट्रॉन सोडतात. यातून वीज काढायची असेल तेव्हा ॲनोड ऋण असतो. बाहेरून वीज देऊन मिथेन करायचा असेल तेव्हा तोच धन होतो. जीवाणूंचं काम तेच, चिन्ह मात्र उलटं. शास्त्रज्ञ फॅरेडेने 1834 मध्ये ॲनोड-कॅथोड हे शब्द वापरात आणले तेव्हा चिन्ह मुद्दाम टाळलं होतं. ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ चढती वाट आणि उतरती वाट एवढाच. आपण भाषांतरात धन-ऋण घातलं आणि ती सोय गमावली.

जीवाणूही नको. मिथेन करतात ते आर्किया. त्यांचा गट जीवाणूंहून वेगळा आहे हे 1977 मध्येच पुढे आलं. दोघांना मिळून ‘सूक्ष्मजीव’, आणि नेमकं सांगायचं तिथे ‘मिथेनजनक’.

प्रश्नकर्ती : पटलं. पण समोर बहुतेक आजी-आजोबा असतील. नुसतं ॲनोड-कॅथोड त्यांना कोरडं वाटेल.

उत्तर : मग काम सांगा. ॲनोड इलेक्ट्रॉन गोळा करतो, कॅथोड ते मिथेनजनकांना वाढतो. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूचा मिथेन व्हायला 8 इलेक्ट्रॉन लागतात.

प्रश्नकर्ती : म्हणजे कॅथोड हा पंगतीतला वाढपी! आणि बाहेरची वीज?

उत्तर : ॲनोडवरून आलेल्या इलेक्ट्रॉनांत कॅथोडवर मिथेन करण्याइतका जोर नसतो. तो जोर वीज देते. पंगतीचं सामान कचऱ्यातलंच.

प्रश्नकर्ती : ठरलं. पडद्यावर ॲनोड-कॅथोड लिहीन आणि तोंडाने वाढपी म्हणेन. धनाग्र खोडते.